पिठाला ताप

आमच्या गिरणीचं पीठ गरम निघायचं, आणि तेवढ्यावरून तळोद्यातल्या बायकांनी ठरवून टाकलं की त्या इंजिनात काहीतरी जिवंत आहे.

लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा आमच्या ह्यांनी तेलावरचं इंजिन आणि दगडी गिरणी आणली. बैलगाडीत बांधून, तापी उतरून. आमचं घराणं मूळचं मारवाडातलं, धंदा धान्याचा. थोरले दीर म्हणाले, "आपल्या घराण्यात दाणा विकतात, दळत नाहीत. होळीपर्यंत चालली तर ठीक, नाहीतर आली तशी परत धाडायची." ह्यांनी नुसती मान डोलावली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, तेव्हा मला कळलं की ह्यांचा जीव त्या लोखंडात अडकलाय.

आधी बायका हौसेने आल्या आणि आठ दिवसांत येईनाशा झाल्या. ज्वारीचं पीठ हाताला चटका देई. "पीठले ताप येल शे," एकजण म्हणाली, आणि तो शब्द घरोघर गेला. ताप! दुखणेकऱ्याला यावा तसा. मग पिठावरून मीठमिरच्या ओवाळणं सुरू झालं. त्यात थापतानाच भाकरी हातात दुभंगे, आणि हातातली भाकर मोडली की घरातलं माणूस जातं, असा बायकांचा समज. एका घरी लेकरू तापाने फणफणलं, त्याचंही खापर गिरणीवर फुटलं. भर दुपारी आमच्यासमोरचा रस्ता ओस पडे. इंजिन रिकामंच धापा टाकत राही आणि लांबून जाणाऱ्या बाया पदर तोंडावर ओढून घेत. मी चारचौघांत हसायचे. खरं सांगते, एकटी असले की मीही त्या इंजिनाकडे पाठ करत नसे.

गावात एक म्हातारी लोकांचं दळण दळून पोट भरायची. गिरणी चालली तर तिचं जातं बंद पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पिठाच्या बाबतीत ती म्हणेल ती पूर्व दिशा. ह्यांना वाटे, हीच अफवा उठवते, हिला दम भरावा. मी म्हटलं, "दम कशाला? तिलाच इथे घेऊन येते." माझ्या गोड जिभेचा मला तेव्हा भारी गर्व होता.

ती आली. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून थुंकली. "भाभी, ह्या पीठनी भाकर तुम्ही कधी थापेल शे का?"

आमच्याकडे गव्हाचे फुलके. ज्वारीची भाकरी आमच्या चुलीवर कधी झालीच नव्हती.

"यामा भूत नही," ती म्हणाली. "दगडले दगड घासी ऱ्हायना. दाना जळी ऱ्हायना, मंग विरी कथाईन ऱ्हाई?"

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. तो गेला की भाकरी फाटते. पीठ मैद्यासारखं निघावं म्हणून ह्यांनी दगड आवळून ठेवले होते! म्हातारीने गिरणीला कान लावला आणि हाताने खुणावत राहिली, अजून सैल, अजून थोडं. मग गिरणीच्या दारातच तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापली. ती अखंड उतरली. रस्त्यापलीकडे जमलेल्या बायकांच्या देखत तिने ती खाल्ली.

"तुमचंच नुकसान केलंत, माय," मला राहवलं नाही.

"पीठबद्दल खोटं बोलसू तर खासू काय?"

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. होळी आली नि गेली, थोरल्या दिरांनी विषय काढला नाही. म्हातारीला आम्ही गिरणीतच बसवलं, दाणा ओतायला आणि पीठ पारखायला. पहाटे गावात ऐकू येणारी जात्यांची घरघर एकेका घरातून कमी होत गेली. मी खूश होते. आता तुमचे हात सुटले, असं मी तिला दहादा सांगितलं असेल.

पावसाळ्याच्या तोंडी एका दुपारी इंजिनाचा पट्टा निसटला. दगडांची घरघर एकदम थांबली. हे पट्ट्याकडे धावले आणि मी म्हातारीकडे पाहिलं. ती भिंतीशी बसली होती, डोळे उघडे, आणि तिचा उजवा हात जमिनीवर गोल गोल फिरत होता. मूठ खुंट्यावर असावी तशी वळलेली. खाली नुसती फरशी.

"माय, थांबा की."

"मी कोठे करस?" तिने हाताकडे पाहिलं. कोणा परक्याकडे पाहावं तसं. "भाभी, मन्हा हात कोन फिराई ऱ्हायनं वं?"

मला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज. मी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं. ते थांबेना. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघीजणींसारख्या आम्ही फिरत राहिलो, आणि दळण घेऊन दारात उभ्या बायकांपैकी एकीनेही आत पाऊल टाकलं नाही.