समोरच्या दारातून आलेला ओनेझिम

फिलोमेन तिव्हिएर्ज तव्यावरचं धिरडं उलटत होती, तेवढ्यात समोरच्या दारावर टकटक झाली आणि तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. सांत-वेरेन गावात समोरचं दार कोणी वाजवत नसे. ते पाद्रीबाबांसाठी, नवरीसाठी, नाहीतर शवपेटीसाठी. बाकी सगळं गाव बुटांवरचं बर्फ झटकत मागच्या दाराने, न विचारता सरळ स्वयंपाकघरात शिरायचं. गावची पतपेढीही तिथेच होती ना!

पतपेढी काढली तिच्या नवऱ्याने, शाळामास्तरांनी. ते गेल्यावर पतपेढीच्या मंडळाने ठरवलं, नवा माणूस नेमून कारभार दुसरीकडे हलवायचा. पण लोखंडी पेटी उचलायला चार गडी लागायचे, आणि चौघं एकाच दिवशी मोकळे असे कधी सापडलेच नाहीत. होता होता सात वर्षं झाली, आणि कारभार फिलोमेनच बघत राहिली. बायका दहा सूंची चिल्लर भरायला आल्या की जाताना चार बटाटे सोलून जायच्या. कर्ज मागायला आलेल्याला फिलोमेन आधी वाटाण्याचं सूप वाढायची. पोट भरल्यावरही जो तेवढीच रक्कम मागेल, त्याची गरज खरी, हे तिचं साधं शास्त्र.

गारठ्याने आवळून बसलेलं दार तिने कमरेचा धक्का देऊन उघडलं. बाहेर ओनेझिम गोद्रो. अंगात रविवारचा काळा कोट, टोपी हातात, मिशांवर बर्फ. बायको जाऊन चार वर्षं झालेली, आणि पतपेढीत सगळ्यात मोठी ठेव याचीच.

फिलोमेनला शंका आली. गेल्याच आठवड्यात शहरातली एक बँक बुडाली होती. तेव्हापासून लोक तिच्याशी बोलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून पेटीकडे बघत. आज हा पाहुण्यासारखा आला, म्हणजे सगळे पैसे काढणार. नेहमीच्या दाराने यायला लाज वाटली असणार.

"बसा," ती म्हणाली. बैठकीची खोली बर्फासारखी गार होती.

"मादाम तिव्हिएर्ज, माझं एक... म्हणजे असं आहे..." ओनेझिम टोपी गोल गोल फिरवत राहिला.

तो काही बोलायच्या आत स्वयंपाकघरात पावलं वाजली. समोर राहणाऱ्या आझिल्दाने काळा कोट आणि समोरचं दार, दोन्ही पाहिलं होतं. गावभर बातमी करायला तिला तेवढं पुरे होतं. फिलोमेन आत येते तो टेबलापासून लाकडांच्या ढिगापर्यंत माणसंच माणसं.

"आझिल्दा, इतक्या सकाळी?"

"माझे तेवढे देऊन टाक बाई. आपल्या घरात असलेले बरे."

"अगं, घरी गादीत उंदीर आहेत म्हणून तूच आणून ठेवलेस ना?"

"उंदीर परवडले!"

मागून लोहार ओरडला, "ओनेझिम सगळं घेऊन गेला की आम्हाला काय, पेटीचं कुलूप देणार?"

पेटीत होतं ते फार तर दुपारपर्यंत पुरलं असतं. बाकीचा पैसा याच लोकांच्या गोठ्यांत आणि बियाण्यात अडकला होता, तो वसंत सरेपर्यंत परत यायचा नव्हता. फिलोमेनने एका अक्षराने वाद घातला नाही. करपलेलं धिरडं बाजूला केलं, पेटी उघडली आणि आझिल्दाच्या पियास्त्राच्या नोटा तिच्या हातावर मोजून ठेवल्या.

"पुढे कोण?"

तेवढ्यात ओनेझिम आतल्या दारात येऊन उभा राहिला.

"किती काढलेस?" लोहाराने विचारलं.

"काय काढलं?"

"पैसे! नाहीतर एवढा नटून समोरून कशाला आलास?"

ओनेझिमने त्या रांगेकडे पाहिलं, उघड्या पेटीकडे पाहिलं, मग फिलोमेनच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे. कानापर्यंत लाल झाला बिचारा. गप्प राहून टोपी घालून निघून जाता आलं असतं त्याला.

"पैशांसाठी नाही आलो," तो म्हणाला. "मादामना मागणी घालायला आलो होतो."

मग जो हशा उसळला!

"मग आधीच बोलायचं नाही का, म्हाताऱ्या!" लोहार म्हणाला.

"बोलू कुठे दिलंत? शब्द जुळवतोय तोवर अख्खं गाव घरात! आणि माझे पैसे आहेत तिथेच राहतील. या नाही म्हणाल्या तरी."

आझिल्दाने नोटा हळूच टेबलावर सरकवल्या. "घे गं परत. उंदीर आहेत खरे." तिच्या मागची रांगही विस्कटली, पण पाय कोणाचा निघेना. "आता उत्तर काय, ते तरी कळू दे!" कोणीतरी म्हणालं.

"ज्याला द्यायचं त्याला देईन. चला, निघा!" फिलोमेनने उलथनं उगारून सगळ्यांना बाहेर काढलं.

घर रिकामं झालं. ओनेझिमही टोपी घालून निघाला, पुन्हा समोरच्या दाराकडे.

"ओनेझिम, माझं एक ऐकाल?"

"सांगा ना."

"पुढच्या वेळी मागच्या दाराने या. समोरचं दार आता नवरीला लागणार आहे."