मोरूची गडाची सहल

श्रीधर गुरुजींनी रोपवेची तीन तिकिटं काढली आणि तिथंच घोटाळा झाला.

चाळीस वर्षं महाडात काढूनही त्यांनी रायगड पाहिलेला नव्हता. मुलांना मात्र दरवर्षी तो फळ्यावर काढून दाखवला. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता आपल्याच मुलखात पाहुण्यासारखं हिंडायचं. गळ्यात कॅमेराही अडकवला. त्यात रोल भरायचा तेवढा राहिला. सोबतीला घेतला पायथ्याच्या वाडीतला मोरू डोलीवाला. गुरुजींच्या म्हाताऱ्या आईला त्यानंच एकदा डोलीतून गडावर नेलं होतं. रोपवे आला आणि त्याची डोली आढ्याला टांगली गेली.

"वहिनींनाही हाक मार. आज तुम्ही दोघं माझे पाहुणे!" गुरुजी ऐटीत म्हणाले.

"ती नाय आता, गुरुजी. रोपवे आला त्याच्या आदल्या सालीच गेली."

गुरुजींना तोंड कुठं लपवावं कळेना. पाळणा पाच मिनिटांत वर पोचला. मोरू सारा वेळ खालच्या पायऱ्यांकडेच बघत होता.

"पायानं अधू व्हती," वर उतरल्यावर तो आपणहून म्हणाला. "मला डोलीत बसवून गड दाखवा, म्हनायची. मी म्हनायचो, पुढच्या साली."

गुरुजींची मास्तरकीची सवय जाईना. त्यांनी विचारलंच, "अरे, एवढी माणसं वर आणलीस, मग तिला एकदा तरी का नाही आणलंस?"

"गिऱ्हाईक सोडून बायकोला कोन उचलतो, गुरुजी?"