डॉक्टर किल्लेदारांची बोटं

डॉ. किल्लेदार गेल्याचं शिपायानं येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या काचपट्ट्या रंगात बुडवलेल्या होत्या. वेळ चुकली की रंग जास्त चढतो आणि सगळं वाया जातं, म्हणून मी उठले नाही. पट्ट्या धुतल्या, वाळत ठेवल्या आणि मग पदर सारखा करून बाहेर आले. तोवर व्हरांड्यात माणसं जमली होती आणि त्यांच्या बोटांचं गुणगान सुरू झालं होतं. त्यांच्या बोटांना डोळे होते म्हणे! इथल्या आमच्या मराठी मंडळींनी मला त्यांच्यावर चार चांगले शब्द लिहायला सांगितलं आहे. चांगले किती निघतील, शंका आहे...

बंगळूरच्या जनावरांच्या दवाखान्यात किल्लेदार शस्त्रक्रिया करायचे आणि मी मागच्या खोलीत गाठींचे पातळ काप काढून, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. कुत्रीच्या अंडाशयातला गोळा वरून कसाही दिसो, त्याची जात आतल्या पेशी सांगतात. चांदीच्या क्षाराचा रंग दिला की पेशींमधले बारीक तंतू काळ्या जाळीसारखे उठून दिसतात. ती जाळी कशी विणली आहे, यावरून गोळा कुठल्या जातीचा, पसरणारा की जागच्या जागी वाढणारा, याचा बराचसा उलगडा होतो. किल्लेदार याला ‘बाईंची रंगपंचमी’ म्हणायचे. विद्यार्थी हसायचे. साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं, एवढं शिक्षण त्यांनी विद्यार्थ्यांना चोख दिलं होतं.

मल्लेश्वरमला आमच्या शेजारी सावित्रीअक्का राहायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड. मूलबाळ नव्हतं, राणी नावाची कुत्री होती. राणीचा माज थांबेना, पोट फुगत गेलं, तेव्हा मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. किल्लेदारांनी पोट उघडलं, गोळा काढला, दोन बोटांत दाबून पाहिला आणि बाहेर येऊन अक्कांना सांगितलं की कॅन्सर आहे, सगळीकडे पसरलाय, भुलीतच जाऊ द्या तिला. अक्कांनी मान हलवली. दुसरं काय करणार होत्या?

मी गोळा मागून घेतला आणि रंगवला. तो जागच्या जागी वाढणाऱ्या जातीचा होता, वरचं आवरणही कुठं फुटलं नव्हतं. पसरलाय म्हणून त्यांनी काय पाहिलं होतं, देव जाणे. पट्टी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती हातातही घेतली नाही.

“बाई, मेलेल्या कुत्रीचं निदान करून तुम्ही कुणाला बरं करणार?” ते म्हणाले आणि चहा मागवला. एकच कप.

अक्कांना मी खरं ते सांगितलं. त्या “सरी”, म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणाल्या आणि राणीचं ताट घासायला घेतलं.

पुढं काही वर्षांनी किल्लेदारांच्या स्वतःच्या डेझीला तेच झालं. तसाच माज, तसंच पोट. तेव्हा मात्र त्या डोळस बोटांनी सुरी धरली नाही. शस्त्रक्रिया धाकट्या सर्जनकडून करवून घेतली आणि गोळ्याची बाटली स्वतः घेऊन माझ्या खोलीत आले. “घाई करू नका, नीट बघा,” म्हणाले. पट्ट्या तयार होईपर्यंत रोज दुपारी येऊन स्टुलावर बसायचे. रंगपंचमीचं नाव नाही. मी सांगितलं, की हा पसरणारा नाही, काढलाय तेवढं पुरे. त्यांनी रुमालानं डोळे पुसले. त्या क्षणी मला त्यांची दया आली, हे लिहायला हवं. ती दारापर्यंतच टिकली. दारात वळून ते म्हणाले, “मला वाटलंच होतं. हाताला तसंच लागत होतं.”

डेझी पुढं पुष्कळ जगली. रोज संध्याकाळी किल्लेदार तिला घेऊन आमच्याच रस्त्यानं जायचे आणि अक्का फाटकाशी येऊन तिला पोळीचा तुकडा द्यायच्या. मी चिडले, तर म्हणाल्या, “तिचा काय गं दोष?” किल्लेदार टोपी किंचित उचलायचे. हे कुणाचं घर, ते त्यांना आठवत होतं की नाही, मला कधीच कळलं नाही. आठवत नसावं. तेवढी तसदी ते घेत नसत.

शोकसभेत मलाही बोलायला उठवलं. त्यांची डेझी बरी झाली होती, एवढं सांगून मी खाली बसले. लोकांना ते फार हृद्य वाटलं.

परवा त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एका सर्जननं माझ्याकडे अंडाशयाचा गोळा पाठवला. ओल्या कापसात गुंडाळलेला, दोन दिवस टेबलावर पडलेला, काळानिळा. कुजू नये म्हणून लगेच फॉर्मॅलिनमध्ये का टाकला नाही, असं मी विचारायला गेले. साहेब असेच ठेवायचे, तो म्हणाला. निदान तर हातानंच होतं, बाकी सगळं कागदापुरतं. आवाजही तसाच काढला त्यानं, किंचित नाकातून. कुत्री अजून जिवंत होती आणि तिचा मालक बाहेर बाकावर माझ्या उत्तराची वाट बघत बसला होता.

तरी मी काप काढले, चांदीचा रंग दिला... पण कुजलेल्या मांसावर कुठलाच रंग धरत नाही.