योगो सेन्सेईंना उपाशी नेलं

जपानच्या साडो बेटावर केइरा तोमोएला सगळे शांत बाई म्हणून ओळखतात. सत्तेचाळीस वर्षांची, कामो तळ्याकाठच्या शेडमध्ये सकाळभर कालवं फोडणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोकांना काय कळतंय. या शांत बाईने गेल्या सप्टेंबरपासून मनात असा डूख धरला होता की नागानेही तिच्याकडे शिकवणीला यावं.

सप्टेंबरात बेटावर ट्रायथलॉन होते. आधी समुद्रात पोहा, मग सायकल, मग धावा, सगळं एका दिवसात. त्यात दुसऱ्याच्या पाठीआड लपून सायकल चालवायला सक्त मनाई. मध्ये दहा मीटर हवेत, आणि कुणी ओलांडून गेलं तर ज्याला ओलांडलं त्याने मागे सरायचं. गावचे दातांचे डॉक्टर योगो, मानाने सगळे त्यांना सेन्सेई म्हणतात, वीस किलोमीटर तिच्या मागे चिकटून आले. आयत्या बिळावर नागोबा. पंचाची मोटरसायकल ऐकू आली तसे सटकन पुढे होऊन तिच्या तोंडासमोर आले आणि पंचाला म्हणाले, "ही मघापासून माझ्या मागे आहे हो." सेन्सेईंच्या शब्दावर कोण शंका घेणार? तोमोएला पाच मिनिटं उभं केलं. धावायला निघायची ठरलेली शेवटची वेळ तिची तीन मिनिटांनी हुकली, आणि ती बाद झाली.

शेवटच्या रेषेशी तिचे वडील चाकाच्या खुर्चीत चार वाजल्यापासून बसले होते. लेक येत नाही हे त्यांना अंधार पडल्यावर कुणीतरी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी." फेब्रुवारीत ते गेले.

आता सांगा, अशा माणसाला माफ करायचं? तोमोएने नाही केलं.

मे महिन्यात बेटाला सायकलने फेरी असते, दोनशे दहा किलोमीटर. ती शर्यत नव्हे. वाटेत ठिकठिकाणी गावच्या बायका भाताचे गोळे आणि मिसो सूप घेऊन उभ्या असतात, लोक थांबतात, खातात, चौकशा करतात. इथे पाठीआड लपायला बंदी नाही. सप्टेंबरची तयारी म्हणून पुष्कळ जण उतरतात. तोमोएही उतरली, पण तिची तयारी निराळी होती. ट्रायथलॉनमध्ये जेवायला उतरत नाहीत, म्हणून हिवाळाभर ती सायकलवर बसूनच खायला शिकली होती. पाठीच्या खिशात भाताचे सात गोळे, आत उमे, म्हणजे खारवलेलं आंबट आलुबुखार. दर अर्ध्या तासाला अर्धा.

सेन्सेईंनी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला, तोंड उघडं आणि उत्तर देता येत नाही अशा अवस्थेत, सांगून ठेवलं होतं की यंदा फेरी नऊ तासांच्या आत. तोमोएला हे मावशीच्या दाढेमुळे कळलं.

तिसाव्या किलोमीटरला ते मागून आलेच. "काय तोमोएसान, छान वारा अडवतेस की. इथे चालतं ना हे?"

"चालतं की सेन्सेई. बसा मागे."

पहिलं खाण्याचं ठिकाण आलं. तोमोएने बायकांना मान लववली आणि सरळ पुढे गेली.

"थांबायचं नाही?"

"तुम्ही थांबा ना. मी आपली जाते हळूहळू."

हळूहळू कसली. सेन्सेईंनी सुपाकडे पाहिलं, तिच्या पाठीकडे पाहिलं, आणि पाठच धरली. दुसऱ्या ठिकाणीही तेच. र्‍योत्सू गावात जेवणाचे डबे होते, वाढायला तोमोएच्याच शेडमधल्या बायका. "अगं, निदान डबा तरी घे," त्या ओरडल्या. ती हात करून निघून गेली. तिथून पुढे किनाऱ्याला दक्षिणेचा वारा समोरून अंगावर आला. आता तिची पाठ सोडली तर नऊ तास विसरायचे, हे सेन्सेईंना पक्कं कळलं. त्यांच्याजवळच्या गोड जेलच्या दोन पुड्या कधीच संपल्या होत्या. दर अर्ध्या तासाला पुढे तोमोएचा हात खिशात जाई, आणि ते मागून ती चावताना बघत.

एक मात्र सांगतो. रस्त्यात खड्डा आला, गटाराची जाळी आली, की तोमोए हात खाली करून न चुकता दाखवत होती. मागच्याला खुणा द्यायच्याच, ही इथली रीत. ती मोडली असती तर सेन्सेई पहिल्याच जाळीत आडवे झाले असते. तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण तिला त्यांना पाडायचं नव्हतं. त्यांच्याच हावेने ते मोडायला हवे होते.

ओगी गावापुढच्या चढावर ते मोडले. एकशे सत्तर किलोमीटर झाले होते. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि सेन्सेई सायकल टाकून कठड्याला टेकले. तोमोए वळून खाली आली.

"काही आहे का खायला?"

तिच्याकडे शेवटचा अर्धा गोळा होता. तिने तो काढून हातात धरला. "पंचाला काय सांगितलं होतंत गेल्या वर्षी?"

नाक दाबलं की तोंड उघडतं. "मुद्दाम सांगितलं," ते म्हणाले. "तू माझ्यापुढे गेली असतीस. कालवं फोडणारी बाई. मला लाज वाटली असती."

आठ महिने तिला हेच ऐकायचं होतं. ऐकून बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, उलट राग दुप्पट झाला. तिने तो अर्धा गोळा तिथेच, त्यांच्यासमोर, सावकाश चावून खाल्ला आणि चढाला लागली.

माथ्यावर खाण्याचं ठिकाण होतं. तिथल्या अधिकाऱ्याला तिने सांगितलं, "खाली योगो सेन्सेई आहेत. भुकेने हातपाय गळालेत. गाडी पाठवा." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. आणि गाडीत बसला तो फेरीतून बाद, हेही बेटावर सगळ्यांना ठाऊक.

गाडीने त्यांना गाठलं तेव्हा ते सायकल ढकलत जवळजवळ वर आले होते, जेमतेम पन्नास पावलं राहिली होती.

"अहो, पोचलोच मी. तिथे सूप दिसतंय मला."

"हो सेन्सेई, पण तब्येतीचा प्रश्न आहे," अधिकारी वाकून वाकून म्हणाला, आणि दोघांनी त्यांना दंडाला धरून आत बसवलं. काचेतून त्यांनी तोमोएकडे पाहिलं. ती सूप पीत होती. तिने नजर वळवली नाही.

सूप वाढणाऱ्या म्हातारीने तिला ओळखलं. "केइराची लेक ना तू? किती लवकर आलीस. वडील असते तर खूश झाले असते गं."

"नसते झाले," तोमोए म्हणाली. "त्यांना असलं आवडायचं नाही. मला आवडलं."

आणि तिने वाटी पुन्हा पुढे केली.