एवढ्या उजेडात

परवा संध्याकाळी बायकोला मागे बसवून स्कूटरवर सिग्नलला थांबलो होतो. मागे एक उंच गाडी येऊन उभी राहिली आणि पुढच्या बसच्या पाठीवर आमच्या दोघांच्या भल्यामोठ्या सावल्या उमटल्या. “अहो, माझा अंबाडा सुटलाय वाटतं,” ही सावलीकडे बघत म्हणाली आणि तिथेच पिना खोचू लागली.

माझे वडील स्कूटरच्या दिव्याची वरची बाजू काळ्या रंगाने रंगवून घेत. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये, असा नियम होता. नियम अजूनही असेल म्हणा, पण या झगमगाटात तो वाचणार कोण? आता ज्याला त्याला स्वतःपुरता सूर्य हवा असतो. समोरचा डोळे चोळत खड्ड्यात गेला तरी चालेल, आपला रस्ता लख्ख दिसला पाहिजे.

तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागून धक्का बसला. आम्ही कसेबसे सावरलो, अंबाडा मात्र पुन्हा सुटला. गाडीची काच खाली झाली. हातातला मोबाइल बाजूला ठेवत आतला गृहस्थ म्हणाला, “सॉरी काका, तुम्ही दिसलाच नाहीत!”

ही तोंडातली पिन काढून शांतपणे म्हणाली, “मग जरा लाइट लावून चालवत जा ना, दादा.”