दाजींचं सामान

आमचे दाजी, भगवंतराव, सुलतान बाजारातल्या एका शाळेत गणित शिकवीत. माझ्या आक्काचे यजमान, तेव्हा त्यांची थट्टा करणं हा माझा हक्कच. पण प्रवासाच्या बाबतीत मला थट्टा सुचत नसे, रागच येई. हा माणूस परगावी जाताना काही म्हणून नेत नसे. एक कापडी पिशवी, तीत एक धोतर आणि सुपारीची डबी. वर आम्हाला उपदेश, "जेवढं ओझं तेवढी चिंता!" मग परगावी अंग कशानं पुसायचं, पांघरायचं काय? ज्याच्या घरी उतरतील त्याचं! दाजी हलके फिरत, कारण त्यांचं ओझं दुसरा कुणीतरी उचलत असे.

पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात नागपूरच्या हिम्मतरावांचा निरोप आला. मुलगा रजेवर आलाय, परवा परत जाईल, कमलच्या लग्नाचं बोलायचं तर लगेच या. कमल ही दाजींची एकुलती एक. हुंड्यापायी तिची दोन स्थळं मोडली होती आणि आक्कानं हाय खाल्ली होती. आता हे तिसरं. रेल्वेनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. माझं कापडाचं दुकान बरं चाललं होतं, म्हणून मी विमानाची दोन तिकिटं काढली.

बेगमपेठच्या विमानतळावर माझी ट्रंक, वळकटी आणि चिवड्याचा डबा काट्यावर चढला.

"ज्यादा हो गया साब, कुछ निकालो," तिथला बाबू म्हणाला. मग त्यानं दाजींची पिशवी ठेवली. "इसमें तो काटा हिलताइच नै! सामान किधर है?"

"येइच है मियाँ," दाजी म्हणाले.

"वापस आने का इरादा है ना, साब?"

शेवटी माझी वळकटी दाजींच्या नावावर गेली. उपकार झाले, त्यामुळे मी आणखीच चिडलो. विमानात त्यांनी माझाच चिवडा खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाले.

मुलीच्या बापानं कसं वागावं, हे मी त्यांना वाटेत बजावलं होतं. मान खाली, आवाज खाली, मागायचं काही नाही. पण पोचून घटका झाली नाही तोच न्हाणीघरातून हाक आली, "अहो हिम्मतराव, जरा पंचा द्या बरं!" मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. माझ्या ट्रंकेत चांगले कोरे पंचे होते, ते काढेपर्यंत हिम्मतराव स्वतः उठून पंचा देऊन आलेसुद्धा. संध्याकाळी थंडी पडली. माझा कोट दाजींच्या पोटावर बसेना. तेव्हा हिम्मतरावांनी आपल्या अंगातला काढून त्यांना घातला. अशा रीतीनं वरपित्याच्या बैठकीत, वरपित्याच्याच कोटात बसून, आमचे दाजी मुलीचं लग्न ठरवायला सज्ज झाले. हेही स्थळ गेलं, असं मी मनात धरून चाललो.

"रागावू नका भगवंतराव," हिम्मतराव म्हणाले, "पण मुलीच्या कामाला निघालेला बाप एवढ्याशा पिशवीनिशी येतो, हे काय?"

मी काहीतरी सारवासारव करणार होतो. दाजीच बोलू लागले, आणि आज उपदेश नव्हता.

"अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात लुटालूट सुरू झाली, आम्हाला शहर सोडावं लागलं. मी भांडी, गाद्या बांधत बसलो होतो. शेजारचे हकीमसाहेब धावत आले, म्हणाले, 'मास्टर, सामान छोडो, बच्ची को लेके निकलो!' बायकोला पुढं घातलं, कमलचा हात धरला आणि निघालो. परतलो तेव्हा घरात चूलसुद्धा धड राहिली नव्हती. पण पोरगी होती. तेव्हापासून काही बांधायला घेतलं की माझे हात कापतात." त्यांनी हिम्मतरावांकडे पाहिलं. "तुम्हाला द्यायला माझ्याजवळ काही नाही. ती एक आहे."

घर लुटलं गेलं ते मला ठाऊक होतं, हात कापतात हे ठाऊक नव्हतं. मी एवढे दिवस त्यांना फुकटे समजत आलो होतो, आणि मला फार वाईट वाटलं.

हिम्मतरावांनी पानाचं तबक दाजींपुढं सरकवलं. मग म्हणाले, "तर पोरीलाही अशीच पाठवा. नेसत्या लुगड्यानिशी."

 डोळे पुसायला दाजींनी खिशात हात घातला. कोट हिम्मतरावांचा, रुमालही त्यांचाच निघाला.