गुरुवारची लस

हॅमिल्टनमधल्या आमच्या क्लिनिकात एक दंडक आहे. बाई कुठल्याही कारणानं येवो, तिला एकटीला गाठून विचारायचं, "घरी कुणी मारतं का?" नर्स म्हणून हे इतक्यांदा विचारलंय, की माझ्याच आवाजाचा मला कंटाळा येतो. उत्तरंही ठरलेली. इथल्या मूळनिवासी माओरी बायका तर बहुतेक वेळा विषयच बदलतात.

त्या दिवशी आलेली माओरीच होती. पंचविशीची, मनगट सुजलेलं. सोबत चार वर्षांची मुलगी आणि मुलीचा बाप, 'ते रापा' नावाच्या भागातल्या फॅक्टरीत काम करणारा गोरा. भारी गोडबोल्या. तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही तोच देत होता. "आता जरा आतली तपासणी करायचीय," मी ठोकून दिलं. पुरुष कुठल्याही देशाचा असो, हे ऐकलं की दार शोधतो. हा मुलीला घेऊन बाहेर गेला.

मी विचारलं. तिनं आधी दार नीट लागलंय का ते बघितलं. मग म्हणाली, "खरं सांगितलं तर तू सरकारला कळवशील?"

घरात मूल असेल तर कळवावं लागतं. खोटं बोलवेना. "हो," म्हटलं.

"मग मी पायरीवरून पडले. माझ्या बहिणीनं खरं सांगितलं, तर तिची पोरं उचलून नेली. मारणारा आहे तिथेच आहे."

मला संताप आला, पण काढणार कुणावर? मुकाट्यानं पट्टी बांधली. निघताना ती हळूच म्हणाली, "मुलीची लस राहिलीय. गुरुवारी आणू? तो कामावर असतो. तेव्हा बोलू." मी लगेच वेळ दिली. फार दिवसांनी कामाचा हुरूप आला.

गुरुवारी मुलगी आली, बापाचं बोट धरून.

"किआ ओरा," माओरीत नमस्कार करत तो हसला. "तुमचा आठवणीचा मेसेज माझ्याच फोनवर येतो ना. म्हटलं, तिला कशाला त्रास. रजाच टाकली."

"ती कशी आहे?"

"मस्त. झोपलीय."

मी मुलीच्या दंडात सुई टोचली. या वयाची पोरं क्लिनिक डोक्यावर घेतात. हिनं हूं की चूं केलं नाही.

ते गेल्यावर मी सरकारी बालसंरक्षण खात्याला फोन करून सगळं कळवलं. आता ती मलाही पोरं उचलून नेणाऱ्यांतलीच समजणार. समजू दे. मला शिव्या द्यायला ती जिवंत असली म्हणजे झालं.